एकट्याने वाजवलेला अल्बम : फ्रेंच प्रोग्रेसिव्ह रॉकविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही सत्तरच्या दशकातल्या फ्रेंच प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या सोलो अल्बमांवर लिहिलं होतं. जवळपास सगळी वाद्यं एकाच माणसाने वाजवायची आणि थरावर थर चढवत अल्बम उभा करायचा, अशी ती पद्धत. त्यावर बरेच प्रश्न आले. काही ऐकणाऱ्यांचे, काही स्वतः असा अल्बम करायला बसलेल्यांचे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : ‘माग्मा’ आणि ‘गाँग’ या बँडची नावं माहीत आहेत. एकट्याच्या नावावर असलेले फ्रेंच अल्बम ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तीन अल्बम घ्या आणि याच क्रमाने ऐका.

पहिला ज्याँ-मिशेल जारचा ‘ऑक्सिझेन’ (१९७६). काही जण याला प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, मानत नाहीत, इलेक्ट्रॉनिक म्हणतात. आमच्या मते दोन बाजू, सहा भाग आणि एका भागातून दुसरा उगवत जाणं हा घाट प्रोगचाच आहे. जारने तो पॅरिसमध्ये घरीच मांडलेल्या स्टुडिओत केला. ऐकताना मागे सतत पसरलेल्या तंतुवाद्यांसारख्या आवाजाकडे लक्ष द्या. तो एमिनंट ३१० या ऑर्गनचा आवाज आहे, ‘स्मॉल स्टोन’ नावाच्या फेझरमधून (आवाज फिरता करणाऱ्या इफेक्टमधून) काढलेला. सूर एकाच जागी थांबलेला असतो, तरी आवाज आतून हळूहळू फिरत राहतो. अल्बमचा अर्धा रंग त्या एका जोडणीत आहे.

दुसरा रिशार पिन्हासचा ‘क्रोनोलीझ’ (१९७८). पिन्हास हा ‘हेल्डन’ या बँडचा कर्ता माणूस. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ कादंबरीचा धागा इथे आहे. एका बाजूला सिंथेसायझरवरच्या छोट्या आवृत्त्या, दुसऱ्या बाजूला ‘पॉल अट्रेइडीज’ ही एकच लांबलचक रचना. आधी छोट्या आवृत्त्या ऐका. सीक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र, तेच स्वर पुन्हा पुन्हा वाजवतो आणि माणूस फक्त आवाजाचा पोत बदलत राहतो, हे एकदा कानात बसलं की लांब रचना जड जात नाही.

तिसरा ‘माग्मा’चा संस्थापक आणि ड्रमर क्रिस्तियाँ वाँदेरचा ‘त्रिस्ताँ ए इझल’ (१९७४), इव्हाँ लाग्रांजच्या त्याच नावाच्या चित्रपटासाठी केलेला. मुखपृष्ठावर नाव एकट्या वाँदेरचं असलं तरी वाजवणारे-गाणारे चौघे आहेत : स्वतः वाँदेर, स्तेला वाँदेर, क्लाउस ब्लास्कीझ आणि बासवर यानिक टॉप. ब्रासचा ताफा नाही, गिटार नाही. पियानो, ड्रम्स, बास आणि गळे एवढ्यावर ‘माग्मा’च्या संगीताचा सांगाडा उघडा दिसतो, म्हणून शिकणाऱ्याला हा फार उपयोगी. हेच संगीत पुढे ‘माग्मा’च्या नावाने ‘वुर्डा इताह’ म्हणून निघालं. नावं दोन असली तरी अल्बम एकच आहे, दोनदा विकत घेऊ नका.

प्रश्न : जारकडे आठच ट्रॅक होते असं तुम्ही लिहिलं होतं. मग एवढे थर मावले कसे? आणि संगणकावर काम करताना त्यातून काय उचलता येईल?

उत्तर : त्याच्याकडे स्कली कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप मशीन होतं. अशा मशीनवर जास्त थर बसवायचे तर भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवावे लागतात. त्या काळी सगळ्याच छोट्या स्टुडिओत चालणारी रीत अशी : १ ते ५ ट्रॅक भरायचे, ६ मोकळा सोडायचा, पाचांचं मिश्रण ७ आणि ८ वर डावं-उजवं करून उतरवायचं. मग १ ते ५ पुसायचे. आता १ ते ६ मोकळे झाले, म्हणजे एकूण ११ थर.

सहावा मोकळा का? उतरवताना वाजणारे आणि भरले जाणारे ट्रॅक एकाच हेडवर शेजारी शेजारी असतात. सातव्यावर जे भरलं जातं ते थोडं सहाव्यात झिरपतं, सहाव्यातून परत सातव्यात जातं आणि शिट्टी सुरू होते. मध्ये एक ट्रॅक सोडला की हा फेरा तुटतो.

याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. एक, टेपची सरसर. सारख्या पातळीचे तीन ट्रॅक एका ट्रॅकवर उतरवले की तिघांची सरसर आणि नव्या ट्रॅकची स्वतःची मिळून सुमारे ६ डेसिबलची वाढ होते. दोन, दर वेळी उतरवताना वरचे, चकचकीत आवाज बोथट होतात. म्हणून बास, ऑर्गनचा पसारा, खालचे पियानोचे सूर असे ‘अंधारे’ आवाज पहिल्या फेरीत भरायचे आणि झांजा, अकूस्टिक गिटार, मुख्य धून शेवटी. तीन, उतरवलेलं प्रमाण पुन्हा बदलता येत नाही. खरी मेख इथेच आहे. पहिल्या मिश्रणात बास अगदी बरोबर वाटतो, पण नंतर त्यावर सहा थर चढले की तो बुडतो. त्यामुळे त्या टप्प्यावर बास १ ते २ डेसिबल जास्तच ठेवावा.

तालासाठी जारने कॉर्गचं ‘मिनी पॉप्स ७’ हे तयार ठेक्यांचं यंत्र वापरलं. त्याची दोन बटणं एकाच वेळी दाबून, चिकटपट्टीने तशीच धरून ठेवून त्याने दोन ठेके एकात एक मिसळले. यंत्रात नसलेला तिसरा ठेका तयार झाला आणि त्यासाठी ट्रॅक एकच लागला.

संगणकावर सरसरीचा प्रश्न नाही, पण तिसरा धडा जरूर उचला. पाच थर झाले की त्यांचं स्टिरिओ मिश्रण करा, मूळ ट्रॅक दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि पुढचं सगळं त्या मिश्रणावर वाजवा. मूळ ट्रॅक परत उघडायचे नाहीत, असा नियम स्वतःला घाला. एकट्याचे अल्बम अर्धवट राहतात ते वाजवता न आल्यामुळे क्वचितच. शंभर ट्रॅक उघडे असतात आणि एकही निर्णय झालेला नसतो, म्हणून राहतात.

प्रश्न : सगळे ट्रॅक क्लिकवर, म्हणजे लय धरून देणाऱ्या टिकटिकीवर, वाजवले आहेत. एकेक ऐकला तर ठेक्यात आहे, एकत्र ऐकलं की ढिसाळ वाटतं. सात मात्रांच्या भागात तर फारच. चूक कुठे असेल?

उत्तर : दोन चुका संभवतात. एक यंत्राची, एक हाताची. आधी यंत्राची तपासा, दहा मिनिटांचं काम आहे.

ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच इनपुटला जोडा. एका ट्रॅकवर क्लिकचा आवाज ठेवा आणि तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर भरा. आता दोन्ही तरंग मोठे करून शेजारी ठेवा. भरलेला क्लिक मूळ क्लिकच्या नेमका खाली यायला हवा. समजा तो २०० सॅम्पल उशिरा आला, तर सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दराने तो उशीर ४.२ मिलिसेकंदांचा होतो. सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटच्या जागी तेवढी दुरुस्ती भरा आणि पुन्हा मोजा. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) बदलला की हे परत मोजायचं. २५६ सॅम्पलचा बफर एका दिशेला ५.३ मिलिसेकंदांचा असतो आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरला सांगतो तो आकडा दर वेळी खरा असेलच असं नाही.

चार मिलिसेकंदांचा उशीर एका ट्रॅकवर कोणालाच कळत नाही. पण बहुतेक जण तिसरा थर दुसरा ऐकत वाजवतात, चौथा तिसरा ऐकत. मग उशीर थरागणिक साचत जातो आणि पाचवा थर पहिल्यापेक्षा १५ ते २० मिलिसेकंद मागे पडतो. ते मात्र कानाला खुपतं.

आता हाताची. बँडमध्ये गिटारवाला पुढे पळाला तर ड्रमर त्याला मागे धरतो. एकट्याच्या अल्बममध्ये पळणारा आणि धरणारा एकच. तुम्हाला तोड्यात पळायची सवय असेल तर ड्रम्सवरही पळाल, बासवरही पळाल आणि तिन्ही एकमेकांना दुजोरा देतील. उपाय क्रमात आहे. आधी क्लिकवर साधा पियानो किंवा गिटार वाजवून पूर्ण रचनेचा आराखडा भरा. त्यावर ड्रम्स. ड्रम्स पक्के झाले की आराखडा बंद करा, क्लिकही बंद करा, आणि बास फक्त ड्रम्स ऐकत वाजवा. तो दुसऱ्या दिवशी वाजवलात तर उत्तम. कान ताजे असले की स्वतःचे ड्रम्स परक्याचे वाटतात आणि त्यांना साथ दिली जाते. ड्रम्स शेवटी वाजवायचा मोह टाळा. आठ थरांच्या बारीकसारीक हेलकाव्यांवर ड्रम्स बसवणं कसलेल्या ड्रमरलाही अवघड जातं.

सात मात्रांबद्दल : सात सारखे टिकटिक ठेवू नका. क्लिकचे फक्त तीन ठोके ठेवा, २+२+३ असे. तोंडाने ‘तक तक तकिट’ म्हणत वाजवा. सात मोजत बसलात तर सातव्यावर घाई होते, कारण मन आधीच पुढच्या एककडे धावतं. शेवटचा गट तीनचा आहे हे जिभेला माहीत असलं की त्याला पूर्ण जागा मिळते.

आणखी एक. वीस मिनिटांची रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीच्या क्लिकवर ठेवली तर ती निर्जीव होते. आराखडा एकदा क्लिकशिवाय वाजवून पाहा, कुठे गती आपोआप वाढते ते टिपा आणि सॉफ्टवेअरच्या टेम्पो मॅपमध्ये (कुठे किती गती ते ठरवणाऱ्या तक्त्यात) तेवढीच वाढ द्या. मिनिटाला १२६ वरून १२८, आठ आवर्तनांत हळूहळू चढवलेली. ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही, पण उभारी जाणवते.

प्रश्न : ‘आँज’ बँडच्या जुन्या रेकॉर्डवरचा मेलोट्रॉन वेगळाच वाटतो. तसा आवाज कसा काढावा?

उत्तर : वेगळा वाटतो कारण तो मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर भरलेले सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य, नाही. बेल्फोरच्या या बँडमध्ये फ्राँसिस देकाँ व्हिस्काउंट ऑर्गन वाजवायचा आणि त्याचा आवाज इफेक्टमधून काढून मेलोट्रॉनच्या जवळ न्यायचा. ‘ओ-दला द्यु देलीर’ (१९७४) ऐका. तारांचा आवाज सलग ताणला जातो, आठ सेकंदांनी तुटत नाही.

मेलोट्रॉन एम-४०० मध्ये ३५ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली स्वतःची टेप. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकते, सोडली की परत जागेवर येते. टेप साधारण ८ सेकंदांची, ती संपली की सूर बंद. म्हणून तुम्हाला कोणता आवाज हवा ते आधी ठरवा.

‘आँज’चा हवा असेल तर ऑर्गनचा आवाज घ्या, हलकासा फाटू द्या (डिस्टॉर्शन), मग एको आणि पुढे स्प्रिंग रिव्हर्ब. रिव्हर्ब आधी आणि फाटणं नंतर असं करू नका, सगळा चिखल होतो.

खरा मेलोट्रॉन हवा असेल तर सॅम्पलचं लूप बंद करा. मग लांब सुरावटीसाठी बोटं कोळ्यासारखी चालवायची : खालचा सी, ई, जी धरा. तिसऱ्या सेकंदाला वरचा सी दाबा, खालचा सोडा. पाचव्या सेकंदाला वरचा ई घ्या, खालचा सोडा. कोणतीही टेप संपायच्या आत बोट दुसरीकडे गेलेलं असतं आणि सुरावट आपोआप वर सरकत जाते. पाच-सहा पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर ताण येऊन सूर किंचित उतरतो. पिच बेंडने ५ ते १० सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) खाली ओढलंत तर आवाज लगेच खरा वाटू लागतो.

प्रश्न : यानिक टॉपसारखा खोल, गुरगुरणारा बास हवा आहे. चार तारांचाच बास गिटार आहे.

उत्तर : टॉप मुळात चेलो वाजवणारा, त्यामुळे तो बास चेलोसारखा पंचमांत लावतो : सी, जी, डी, ए. तुमच्या ई, ए, डी, जी या तारांपैकी डी तशीच राहते. ई चार अर्धस्वर खाली जाते (४१.२ वरून ३२.७ हर्ट्झ), ए दोन खाली येते, जी दोन वर चढते.

घोडं पेंड खातं ते इथे : नेहमीच्या तारा फक्त सैल-घट्ट करून हे साधत नाही. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई ची तार सी पर्यंत उतरवली तर ताण ६३ टक्क्यांवर येतो, ती फ्रेटवर फडफडते आणि जोरात छेडली की सूर आधी चढतो, मग उतरतो. उलट जी ची तार ए पर्यंत चढवली तर ताण सव्वापट होतो. म्हणून जाडी बदला. इंचाच्या हजारांशांत मोजलेला नेहमीचा संच १०५, ८५, ६५, ४५ असा असेल, तर १३०, ९५, ६५, ४० असा करा. १३० ची तार पाच तारांच्या संचातली बी ची मिळते. या जाड्यांना प्रत्येक तारेचा ताण जवळपास पूर्वीइतकाच राहतो, त्यामुळे मानेचा वाक सहसा बदलत नाही.

१३० ची तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसणार नाही, वरच तरंगेल आणि पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढेल. खाच फक्त रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नट बदलावाच लागतो. हात सरावलेला नसेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. मग ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल मागे घेऊन बाराव्या फ्रेटवर सूर जुळवा.

डाव्या हाताची तयारी ठेवा. पंचमांत एका तारेवरून दुसरीवर जाण्याआधी सात फ्रेट चढावे लागतात. ३४ इंची बासवर नटपासून सातव्या फ्रेटपर्यंतचं अंतर जवळजवळ २९ सेंटीमीटर भरतं. बोटं ताणून ते कापता येत नाही, चेलोवादकासारखा अख्खा हात सरकवावा लागतो. झ्योल, म्हणजे ‘माग्मा’च्या शैलीच्या, संगीतातल्या बासच्या उड्या अशा का असतात, ते मग हातालाच कळतं.

गुरगुर आणताना आवाजाचे दोन भाग करा. २०० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ ठेवा, वरचा फाटू द्या, मग एकत्र करा. सगळाच फाडलात तर सी नुसता घरघरतो, त्याचा सूर लागत नाही.

प्रश्न : वाँदेरच्या कोबायन भाषेला अर्थ आहे का?

उत्तर : भाषा त्याने स्वतः रचली, काही शब्दांचे अर्थही दिले, पण मुळात ती आवाजासाठी आहे. फ्रेंचमधले मऊ, अनुनासिक शेवट त्याच्या ठोक्यांना पुरत नव्हते, असं ऐकताना वाटतं. स्वतः असं काही करणार असाल तर आधी फक्त स्वर ठरवा : लांब सुरांवर आ-ओ, ठोक्यांवर ट-क-ड. अर्थ नंतरही देता येतो.

प्रश्न : पिन्हासच्या गिटारसारखा न संपणारा सूर एका माणसाला, लूप पेडल नसताना कसा काढता येईल?

उत्तर : ‘किंग क्रिम्सन’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याचा प्रभाव पिन्हास मोकळेपणाने मान्य करतो. फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७३ साली जगासमोर आणलेली मांडणी दोन टेप मशीनची होती. पहिलं मशीन भरतं, तीच टेप पुढे दुसऱ्या मशीनवर जाऊन वाजते आणि तो आवाज परत पहिल्यात सोडला जातो. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर धावत असेल आणि दोन मशीनच्या हेडमधलं टेपचं अंतर १५२ सेंटीमीटर असेल, तर वाजवलेला सूर ८ सेकंदांनी परत येतो.

संगणकावर साधा डिले (आवाज ठरावीक वेळाने परत वाजवणारा इफेक्ट) पुरतो : वेळ ८ सेकंद, फीडबॅक, म्हणजे परत आत सोडलेला भाग, ८० टक्के. प्रत्येक फेरीत सूर सुमारे २ डेसिबल उतरतो, म्हणजे दहा फेऱ्यांत, ८० सेकंदांत, तो मागे विरतो. फीडबॅक ९० टक्के केला तर तेवढंच उतरायला २२ फेऱ्या, जवळपास ३ मिनिटं लागतात. फरक दहा टक्क्यांचा दिसतो, पण चुकीचा सूर लागला तर तो ३ मिनिटं सोबत करतो. सुरुवात ८० वरच करा.

फसतं ते खालच्या आवाजांमुळे. ते फेरीगणिक साचतात आणि मिनिटाभरात सगळं घुमायला लागतं. डिलेच्या फेऱ्याच्या आत, बाहेर नव्हे, १५० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज अडवणारा) लावा. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी ठेवा. तार छेडताना ते बंद, मग हळूहळू उघडायचं. नखीचा टक आत गेलाच नाही की गिटार गिटार राहत नाही, नुसता सूर उरतो.

प्रश्न : अल्बम पूर्ण झाला आहे. दोन रचना, प्रत्येकी २४ मिनिटं. एलपी काढायची आहे. एका बाजूला एक रचना बसेल का?

उत्तर : बसेल, पण आवाज दबेल. बारा इंची तबकडीवर ३३⅓ च्या गतीला एका बाजूला १८ ते २० मिनिटं निवांत मावतात. २२ च्या पुढे खोबणी बारीक कापावी लागते, पातळी उतरते आणि तबकडीची स्वतःची खरखर वर येते. शक्य असेल तर प्रत्येक रचनेतून चार मिनिटं काढा. सहसा ती सुरुवातीच्या लांबलेल्या प्रस्तावनेतच सापडतात. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा, नाहीतर डाव्या-उजव्या बासच्या फरकाने सुई वरखाली उडते.

याहून मोठा प्रश्न शेवटाचा आहे. तबकडीच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर सरकते, लेबलजवळ फक्त २१. म्हणजे १०,००० हर्ट्झचा एक तरंग बाहेर ५१ मायक्रॉन लांब, आत २१ मायक्रॉन. साध्या सुईला तो नीट वाचता येत नाही, झांजा चरचरतात आणि गाण्यातले स-श फाटतात. आणि प्रोगमध्ये सर्वांत मोठा, झांजांनी भरलेला कळस नेमका तिथेच येतो.

कळसानंतर दोन-तीन मिनिटांचा शांत उतार ठेवता आला तर कळस आपोआप बाहेरच्या, सुरक्षित भागात सरकतो. ‘ऑक्सिझेन’ची दुसरी बाजू लाटांसारख्या आवाजांत विरत संपते, ती वाचायला सुईला काहीच कष्ट पडत नाहीत. उतार नको असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत ८,००० हर्ट्झच्या वरचा भाग १ ते २ डेसिबल कमी करा आणि गाण्याच्या ट्रॅकला डी-एसर (स-श सौम्य करणारा इफेक्ट) लावा. चाचणी तबकडी आली की ती महागड्या सुईवर तपासू नका. गोल टोकाच्या साध्या सुईवर, दोन्ही बाजूंची शेवटची तीन मिनिटं, हेडफोन लावून ऐका.